बिनचुलीचा लाडू

‘नो-बेक’ हा शब्द ज्या घरांत जन्मला, तिथे ओव्हन हे स्वयंपाकघराचं अंगच असतं. खाऊ करायचा म्हणजे पीठ कालवायचं आणि भट्टीत सरकवायचं, ही तिथली रीत. म्हणून भट्टी न लावता होणाऱ्या खाऊला वेगळं नाव द्यावं लागलं. मराठी घरात ओव्हन अगदी अलीकडे आला. नानकटाईचं साहित्य घेऊन बेकरीत जायचं आणि ती भाजून डबे भरून आणायचे, ही दिवाळीआधीची लगबग अनेक गावांनी पाहिली आहे. एरवी लाडू, वड्या, चिक्की यांचं भट्टीवाचून कधी अडलं नाही. तेव्हा खजूर, दाणे, ओट्स आणि बिया एकत्र वाटून वळलेले जे छोटे गोळे आज ‘एनर्जी बाइट’ किंवा ‘व्हीगन बाइट’ म्हणून दुकानांत आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसतात, त्यांचं बिनभट्टीचं असणं आपल्याला नवलाचं नाही. आपल्या दृष्टीनं त्यांचं वेगळेपण हे की ते बिनचुलीचे आहेत. रवा भाजायला नको, बेसन परतायला नको, पाकाची तार बघायला नको. आणि असा एक लाडू आपल्याकडे आधीपासून आहेच: भाजलेल्या दाण्यांचं कूट आणि किसलेला गूळ एकत्र कुटून वळलेला दाण्याचा लाडू. त्यात तूप नाही, दूध नाही, मध नाही. व्हीगन हा शब्द कधी कानावरही न पडलेल्या घरांत तो उपवासाला होत आला आहे.

पण ‘न शिजवता’ हे शब्द तसे फसवे आहेत. या लाडवात जे जे पडतं, त्यातलं बहुतेक कुठे ना कुठे विस्तवावरून जाऊन आलेलं असतं. चूल आपल्या घरात पेटत नाही, एवढंच. ती गुऱ्हाळात, भडभुंज्याकडे, काजूच्या कारखान्यात किंवा ओट्सच्या गिरणीत आधीच पेटून गेलेली असते. कोणता जिन्नस आच खाऊन आला आहे आणि कोणता नाही, हे ओळखता आलं की काय तसंच वापरता येईल आणि काय आधी भाजलंच पाहिजे हे आपोआप ठरतं. त्याच्या जोडीला प्रत्येक जिन्नसात तेल किती आणि पाणी किती हे समजलं की लाडू वळेल का आणि किती दिवस टिकेल, हेही सांगता येतं. कृती पाठ करण्यापेक्षा ही ओळख जास्त कामाची आहे. कृतीतली एक वस्तू घरात नसली की पाठांतर अडतं. ओळख असली की डब्यात जे असेल त्यातून वाट निघते.

गुळापासूनच सुरुवात करू. उसाचा रस काहिलीत घालून चिपाडांच्या जाळावर तासन्‌तास आटवला जातो, मळी काढली जाते, आणि रस उकळत ११५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर गुळव्या तो उतरवतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कसबाच्या जोरावर. म्हणजे आपण किसणीवर गूळ किसतो तेव्हा त्याचं शिजणं कधीच उरकलेलं असतं. काकवी म्हणजे त्याच आटवणीतली गुळाआधीची, ओतता येणारी अवस्था. फुटाणे आणि डाळं भडभुंज्यानं तापल्या वाळूत भाजलेले असतात. पोह्यांसाठी भात भिजवून, भाजून मग चेपलेला असतो. ओट्स आपल्याला कच्चे वाटतात, पण गिरणीत टरफल काढल्यावर त्यांना वाफ देतात, कारण ओट्सच्या दाण्यातलं एक विकर त्याच्याच तेलाला खवट करतं आणि वाफेनं ते थंड पडतं. मग रूळांखाली चेपून त्यांच्या पाकळ्या होतात. खारीक सुद्धा केवळ वाळलेला खजूर नाही. अर्धवट पिकलेली फळं उकळत्या पाण्यातून काढून मग वाळवली की खारीक होते. सगळ्यांत आश्चर्याचा काजू. पाकिटावर ‘कच्चा’ लिहिलेला काजूही खऱ्या अर्थानं कच्चा नसतो. काजूबीच्या टरफलात हात भाजून काढणारं तेल असतं, म्हणून बिया आधी वाफवतात किंवा भाजतात, तेव्हाच टरफल ठिसूळ होऊन गर सुखरूप निघतो. त्यानंतर साल सुटावी म्हणून तो गर पुन्हा गरम हवेत वाळवतात. कोकणातल्या कारखान्यांत हे रोज चालतं. या यादीत आच न लागलेला एकच मोठा जिन्नस आहे, तो खजूर. तो झाडावर उन्हानं पिकतो आणि सुकतो. म्हणून त्याला बघून घ्यावं लागतं: प्रत्येक खजूर उभा चिरून बी काढावी आणि आत कीड किंवा काळी बुरशी नाही ना, हे पाहावं. बिनबियांचा खजूर घेतला तरी तो उघडून बघण्याचा कंटाळा करू नये.

आता दुसरी बाजू. जिथे आच लागलेली नाही तिथे हयगय चालत नाही. परदेशी कृतींत ‘बिस्किटाचं कच्चं पीठ’ म्हणून गव्हाचं पीठ किंवा मैदा न भाजता लोण्यात, साखरेत कालवून खाण्याची टूम आहे, आणि तिचा व्हीगन अवतारही आहे. तो करू नये. पीठ हा शेतातून दळणापर्यंत कुठेही जंतू मारण्याची प्रक्रिया न झालेला जिन्नस आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत पिठातून ई. कोलाय जंतूंची लागण पसरली आणि बाजारातून मोठ्या प्रमाणावर पीठ परत मागवावं लागलं. आपल्याकडे लाडवाचं कोणतंही पीठ आधी खमंग भाजण्याची पद्धत आहे. चव हे त्याचं कारण सगळे सांगतात, पण त्या भाजण्यात सुरक्षितताही साधते. बिनचुलीच्या लाडवात पीठ हवंच असेल तर सातूचं पीठ घ्यावं, नाहीतर डाळं मिक्सरमध्ये फिरवून घ्यावं. दोन्ही भाजून झालेली असतात. शेंगदाणे, तीळ आणि जवस मात्र कच्चे मिळतात. ते मंद आचेवर भाजून घ्यावेत किंवा भाजलेलेच विकत आणावेत. भाजलेला जवस दळून घातला तरच त्यातल्या तेलाचा शरीराला उपयोग होतो. अख्खा जवस बहुधा जसा गेला तसा बाहेर पडतो.

शेंगदाण्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या सगळ्या खाऊचा तोच कणा आहे. दमट जागी साठवलेल्या दाण्यांवर एक बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, त्यामागे ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती, आणि त्या शोधातूनच हे विष जगाला कळलं. भाजल्यानं ते काही प्रमाणात कमी होतं, संपत नाही. म्हणून निवडण्याला पर्याय नाही: सुरकुतलेला, काळवंडलेला, बुरशीचा वास येणारा, जिभेला कडू लागणारा दाणा बाजूला काढावा. आणि भाजून झाल्यावरही स्वच्छता सोडू नये. २००८-०९ मध्ये अमेरिकेत पीनट बटर आणि शेंगदाण्याच्या इतर पदार्थांमधून साल्मोनेलाची साथ आली. सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि नऊ जण दगावले. कोरड्या, तेलकट पदार्थात हे जंतू वाढत नसले तरी महिनोन्‌महिने तग धरून राहतात. दाणे चांगले भाजले आणि मग ओल्या हातानं, अस्वच्छ भांड्यात कुटले, तर भाजण्याचा फायदा तिथेच संपतो.

इथे एक जुना आक्षेप येतो, आणि तो लाडू जन्मभर वळलेल्या माणसांचा असल्यामुळे मनावर घेण्यासारखा आहे. तुपाशिवाय लाडू वळतोच कसा, आणि वळला तरी त्याला लाडू म्हणायचं का? बेसनाच्या किंवा रव्याच्या लाडवाला तूप का लागतं, ते आधी पाहू. भाजलेल्या पिठाच्या कणांत स्वतःचं तेल फारच थोडं असतं. तूप त्या कणांच्या फटींत शिरतं आणि गार झाल्यावर थिजून त्यांना धरून ठेवतं. दाणे, तीळ, बदाम यांचं तसं नाही. त्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, आणि कुटताना ते तेल सुटतं. त्याला गुळाचा किंवा खजुराचा चिकटपणा मिळाला की दोघं मिळून तुपाचं काम करतात. दाण्याच्या लाडवाला तूप लागत नाही, त्याचं कारण हे आहे. त्यात काटकसर शोधायचं कारण नाही. रव्यातून तूप काढून घेतलं तर लाडू मोडणारच. तेव्हा तूप वगळायचं असेल तर धरून ठेवण्याचं काम कोणाकडे द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. चवीचा मुद्दा मात्र खरा आहे. तुपाचा वास दुसऱ्या कशानं येत नाही, आणि तो येईल असं कोणी सांगू नये. दाण्याच्या लाडवाची चव भाजलेल्या दाण्याची असते, आणि ती तिच्या परीनं पूर्ण असते.

तुपाऐवजी खोबरेल, असा सल्ला बऱ्याच परदेशी कृती देतात, आणि गफलत नेमकी तिथे होते. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. थंड देशात ते बरणीत घट्ट बसलेलं असतं, म्हणून त्यानं वळलेला गोळा टिकतो. नागपूरच्या मेमध्ये, जिथे पारा ४५ अंशांवर जातो, तिथे तोच गोळा डब्याच्या तळाशी तेल सोडून बसतो. चॉकलेटचं वेष्टनही असंच. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळतं. आपल्या हवेत उन्हाळ्यात आकार धरून ठेवणारा खाऊ हवा असेल, तर गोठणाऱ्या तेलाच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे साखरेचा चिकटपणा हवा, आणि खजूर इथे फार उजवा ठरतो. मऊ खजुरातली बरीचशी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपात असते. ती पाणी धरून ठेवते आणि सहसा कणीदार होत नाही, म्हणून खजुराचा गोळा आठवड्यानंतरही मऊ राहतो. गुळात मुख्यतः उसाची साखर, म्हणजे सुक्रोज. म्हणून गुळाचा लाडू दिवसागणिक घट्ट होतो. बांधण्यासाठी नेहमीचा मऊ गूळ घ्यावा. चिकीचा गूळ पाकासाठी चांगला, पण न तापवता तो दाण्यांत मिसळतच नाही.

हे सगळं प्रत्यक्ष करताना वाटी-चमच्यापेक्षा वजन भरवशाचं, कारण एकाच वाटीत भरड कूट आणि बारीक कूट यांचं वजन वेगवेगळं भरतं. बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, भाजून सोललेले दाणे १०० ग्रॅम, ओट्स ६० ग्रॅम आणि भाजलेले तीळ ४० ग्रॅम, यांत वीस-वीस ग्रॅमचे वीस गोळे होतात. आधी दाणे, ओट्स, तीळ भरड करून काढून घ्यावेत, मग खजूर फिरवावा, आणि शेवटी दोन्ही एकत्र. मिक्सर सलग चालवू नये, थांबत थांबत फिरवावा; पात्याच्या घर्षणानं भांडं तापतं आणि दाण्यांचं तेल गरजेपेक्षा जास्त सुटतं. मिश्रणाची चिमूट बोटांत दाबून पाहावी. भुरभुरली, तर पाण्याचा हात न लावता चमचाभर काकवी किंवा दोन खजूर वाढवावेत. हाताला चिकटत असेल, तर डाळ्याचं पीठ किंवा खारकेची पूड घालावी. खारीक कोरडी असल्यानं ओल शोषून घेते आणि गोडी बिघडवत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं मिश्रण झाकून ठेवावं. ओट्स तेवढ्या वेळात खजुरातली ओल पितात, आणि आधी सैल वाटणारं मिश्रण वळण्याजोगं होतं. घाईनं वळलेले गोळे बसके होतात, त्याचं कारण बहुतेक वेळा ही चुकवलेली पंधरा मिनिटंच असतं. चिमूटभर मीठ आणि थोडी सुंठ किंवा वेलदोडा घातला की गोडी उठून येते. मिक्सर नसेल तर खलबत्ता आहेच. दाण्याचा लाडू त्यात अधिक चांगला होतो, कारण कुटण्याच्या दाबानं तेल हळूहळू सुटतं आणि गूळ दाण्यांत एकजीव होतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप, आणि या खाऊच्या जाहिराती तो टाळतात. ‘साखर नाही’ असं म्हणत खजुराचे गोळे विकले जातात. आहारतक्ते पाहिले तर १०० ग्रॅम खजुरात ६० ते ६५ ग्रॅम साखर असते. वरच्या प्रमाणानं केलेल्या वीस ग्रॅमच्या एका गोळ्यात साधारण साडेसहा ग्रॅम साखर आणि ८० कॅलरी भरतात. आता २०० ग्रॅम दाणे आणि १०० ग्रॅम गूळ घेऊन केलेला तेवढ्याच वजनाचा दाण्याचा लाडू घ्या. त्यात साखर सहा ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी सुमारे १००. गुळाचा लाडू ‘गोड’ आणि खजुराचा ‘पौष्टिक’ ही विभागणी या आकड्यांपुढे टिकत नाही; साखर दोन्हींत जवळपास सारखी. फरक आहे तो इतरत्र. खजुराच्या गोळ्यात तंतू अधिक, पावणेदोन ग्रॅमच्या घरात. दाण्याच्या लाडवात प्रथिनं अधिक, साडेतीन ग्रॅमच्या जवळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार मुक्त साखरेतून, म्हणजे वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस यांतल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी याचा हिशेब अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतो. दाण्याचे चार लाडू खाल्ले की दुसरी मर्यादा जवळजवळ गाठली, आणि अजून दिवसभराचा चहा बाकी आहे.

यावर खजुराच्या बाजूनं एक उत्तर दिलं जातं: अख्ख्या फळातली साखर मुक्त साखरेत मोजत नाहीत. ते बरोबर आहे, पण खजूर वाटून त्याचा लगदा केला की गोष्ट तितकी सरळ राहत नाही. ब्रिटनच्या व्याख्येत फळांचा लगदा आणि गर यांतली साखर मुक्तच धरली जाते. वाटल्यानं तंतू नाहीसे होत नाहीत, हेही खरं. पण जी गोष्ट चार खजूर चावून खाताना पोटाला कळते, ती वाटलेल्या गोळ्यात लवकर कळत नाही, आणि हात पुन्हा डब्यात जातो. शिवाय हा चिकट गोळा दातांच्या फटींत बसून राहतो, तेव्हा खाल्ल्यावर चूळ भरणं आलंच. मधुमेह असलेल्यांनी ‘नैसर्गिक गोडी’ या शब्दावर विसंबू नये. गोळ्यातली कर्बोदकं दिवसाच्या हिशेबात धरावीत आणि डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. यातून सुटण्याची एक चांगली वाट आपल्या भडभुंज्याकडेच आहे. खजूर १०० ग्रॅमवर आणावा, दाणे १०० ठेवावेत, ओट्सऐवजी ६० ग्रॅम डाळ्याचं पीठ आणि ४० ग्रॅम तीळ घ्यावेत. एका गोळ्यातली साखर पाच ग्रॅमच्या खाली येते आणि प्रथिनं तीन ग्रॅमच्या वर जातात. खजूर यापेक्षा कमी केला, एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेला, की मिश्रण भुरभुरू लागतं. म्हणजे गोडी किती कमी करता येईल ही सीमाही पुन्हा बांधणीच घालते. आणि एक काम सर्वांत सोपं: गोळा लिंबाएवढा न वळता सुपारीच्या थोडा वर ठेवायचा.

खर्चाचा आक्षेपही याच वाटेनं सुटतो. बदाम, अक्रोड, परदेशी मोठा खजूर आणि चिया बिया घेऊनच हा खाऊ करायचा असा समज असेल, तर तो मोजक्या घरांचाच राहील. शंभर ग्रॅम बदामात प्रथिनं सुमारे २१ ग्रॅम आणि शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या वर; तिळात, विशेषतः सालासकटच्या तिळात, कॅल्शियम भरपूर. किराणा दुकानातले दाणे, तीळ, डाळं आणि साधा खजूर यांत सगळं भागतं. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांना मात्र त्याचा कणही चालत नाही. त्यांच्यासाठी सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या भाजलेल्या बिया घ्याव्यात, त्यांतही तेल पुरेसं असतं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा किंवा जाडसर सुकामेवा देऊ नये, तो घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी मिश्रण बारीकच करावं.

मग दूध-तूप टाळण्याचा एवढा आग्रह कशासाठी, असंही विचारलं जातं. कोणाला जनावरांकडून काही घ्यायचं नसतं, कोणाला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते, कोणाला दुधाची पावडर घातलेला खाऊ पचत नाही. कारण कोणतंही असो, घरी करताना पाकिटं वाचावी लागतात. व्हीगन हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ मध्ये तयार झाला. भारतात व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम २०२२ मध्ये आले आणि त्यांच्यासाठी हिरव्या ‘व्ही’ अक्षराचं चिन्ह ठरलं. आपल्या ओळखीचा हिरवा ठिपका याहून वेगळा आहे: दूध आणि मध असलेल्या पदार्थावरही तो असतो. तेव्हा चॉकलेटचे तुकडे किंवा प्रथिनांची भुकटी घालायची असेल तर घटकांची यादी पाहावी. दुधाची पावडर तिथे हमखास भेटते. मधाऐवजी काकवी चालते. चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या घड्यांत ठेवून कुटला जाई. २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं या पद्धतीला मनाई केली. आणि पूर्ण व्हीगन आहार घेणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वासाठी या गोळ्यांवर अवलंबून राहू नये. दाणे, खजूर, तीळ यांतलं काहीच ते देत नाही. त्यासाठी ते वरून घातलेले पदार्थ किंवा औषधाच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

राहिला टिकण्याचा प्रश्न. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती आहे, यावर तो खराब होणं ठरतं. शुद्ध पाण्याला १ धरून ही मोकळीक मोजतात; ०.८५ च्या खाली आजार करणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत आणि ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. खजुराच्या वजनात पाचव्या हिश्शाएवढं पाणी असूनही तो सहज नासत नाही, कारण ते पाणी त्याच्या साखरेनं बांधून ठेवलेलं असतं. हे बांधलेपण आपणच मोडतो. खजूर कडक म्हणून पाण्यात भिजवला, मिश्रणात केळं कुस्करलं, ओलं खोबरं घातलं, की मोकळं पाणी वाढतं. असे गोळे फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत. ओल्या खोबऱ्याचे त्याच दिवशी खाल्लेले बरे. खजूर कडक असेल तर भिजवण्याऐवजी चाळणीत ठेवून दोन मिनिटं वाफ द्यावी, आणि धुवायचाच असेल तर कापडावर पसरून पूर्ण कोरडा करावा. पाणी न लागलेले गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात, थंडीच्या दिवसांत, बाहेरही आठ-दहा दिवस चांगले राहतात. त्यानंतर भीती जंतूंपेक्षा खवटपणाची, आणि जवस-अक्रोड घातले असतील तर तो आधी येतो. पावसाळ्यात गणित बदलतं. पाणी बांधून ठेवणारी साखर हवेतली ओलही ओढते; कोकणात जुलैमध्ये गुळाच्या ढेपेला जसा पाझर फुटतो तसा गोळ्यांनाही फुटतो आणि ते एकमेकांना चिकटतात. त्या दिवसांत ते भाजलेल्या तिळात किंवा सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवून, मधे कागद घालून, थोडेथोडे करून ठेवावेत.